जुन्या कॅसेट, रेकॉर्डी आणि रिळे: वाजवत ठेवायची की संगणकावर उतरवून मोकळे व्हायचे?

बाळीवेसकर
गेल्या महिन्यात सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घराचे पत्रे बदलायचे काम काढले, तेव्हा माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरवावी लागली. तीत ४३ कॅसेट, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ११ रेकॉर्डी आणि तळहातावर मावेल अशा डबीत गुंडाळलेले बारीक फिल्मचे एक रीळ निघाले. कॅसेटींवर वडिलांच्या अक्षरात बहुतेक ठिकाणी ‘आकाशवाणी, सकाळ’ अशा नोंदी आहेत. एकीवर मात्र ‘आई, दिवाळी १९८४’ असे लिहिलेले आहे. वडील आता नाहीत आणि आजी तर त्यांच्याही आधी गेली. घरातला टेपरेकॉर्डर लावून पाहिला, तर मोटर फिरते पण चाके हलत नाहीत, आणि मागचे झाकण काढल्यावर आत डांबरासारखे काहीतरी चिकटलेले दिसते.

माझा प्रश्न असा आहे की हे सगळे एखाद्या स्टुडिओला देऊन संगणकावर उतरवून घ्यावे आणि ट्रंक भंगारात काढावी, की यंत्रे दुरुस्त करून घरातच वाजवावे? विचारण्यामागे एक कारणही आहे. पुतण्याने परवा पुण्याहून साडेतीन हजार रुपयांची नवी एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, आणली, आणि तिच्यातली सगळी गाणी त्याच्या फोनमध्ये आधीपासूनच आहेत. ज्या गैरसोयींना कंटाळून आपण ही साधने टाकून दिली, त्याच गैरसोयी आता रसिकतेच्या नावाखाली विकल्या जात आहेत, असे माझे मत आहे. मला वस्तू नको, वस्तूतला आवाज हवा. चुकत असेन तर सांगावे. कॅसेटची फीत गुंडाळायच्या पेन्सिलीचा उल्लेख कृपया कोणी करू नये, तो मी गृहीत धरला आहे.

शेंगाचटणी
पेन्सिलीवर बंदी आल्यामुळे निम्म्या सदस्यांपुढे आता काय लिहावे असा प्रश्न उभा राहिला असेल. त्यांचे सुचेपर्यंत मी चहा ठेवतो.

जुळे सोलापूरकर
तुमचा पुतण्या मी नव्हे, पण असू शकलो असतो. माझ्याकडे १९ एलपी आहेत. फोनवर गाणे सुरू असताना मी दहा कामे करतो. रेकॉर्ड लावली की वीस-बावीस मिनिटांची एक बाजू संपेपर्यंत बसून ऐकतो, कारण उठून पुढच्या गाण्यावर जायचे म्हणजे सुई उचलावी लागते. ही गैरसोय आहे हे मान्य, पण तिचा उपयोग होतो. शिवाय हे केवळ हौशी पोरांचे खूळ राहिलेले नाही. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४.१ कोटी एलपी विकल्या गेल्या आणि सीडी ३.३ कोटी, १९८७ नंतर प्रथमच एलपीने नगांच्या संख्येत सीडीला मागे टाकले. आणि खरे सांगायचे तर सीडीपेक्षा रेकॉर्डचा आवाज अधिक अस्सल वाटतो.

डेसिबल
जुळे सोलापूरकर, ‘अस्सल वाटतो’ याला माझी हरकत नाही, पण ‘अस्सल असतो’ असे समजू नका. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने १६ बिटांत नोंदलेले असतात आणि सर्वांत हलक्या व सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल मिळते. उत्तम स्थितीतली एलपी साठ-सत्तरच्या घरात असते. खर्जाच्या खाचा फार रुंद होऊ नयेत म्हणून रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबतात आणि वाजवताना अॅम्प्लिफायर तो पुन्हा उचलून देतो. आणखी एक गोष्ट कान देऊन तपासून पाहा. एलपी मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर फेऱ्या घेते, बाहेरच्या कडेला असो वा आतल्या. म्हणजे पहिल्या गाण्याच्या वेळी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच जाते आणि शेवटच्या गाण्याला जेमतेम २१. शेवटच्या गाण्यातला ‘स’ फाटल्यासारखा येतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. आज निघणाऱ्या कित्येक नव्या एलपी तर संगणकावरच्याच मूळ प्रतीवरून कापलेल्या असतात. तुम्हाला जे आवडते ते त्या साधनाचे दोष आहेत, आणि दोष आवडण्यात काही चूक नाही. लोणचे मुरलेलेच आवडते.

पडद्यामागे
मी सोलापुरातल्या एका चित्रपटगृहात ३१ वर्षे ऑपरेटर होतो, तेव्हा रिळांविषयी माझ्याकडे थोडे सांगण्यासारखे आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. दोन हजार फुटांचे रीळ बावीस मिनिटांत संपते, आणि तीन तासांचा हिंदी चित्रपट म्हणजे सोळा हजार फुटांची आठ रिळे. दोन प्रोजेक्टर शेजारीशेजारी असत. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका दिसे, तेव्हा दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. साताठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की बदलायचे. गावोगाव फिरून आमच्याकडे आलेल्या प्रिंटची टोके तुटून पुन:पुन्हा जोडलेली असत, त्यामुळे ते ठिपके बऱ्याचदा उरतच नसत. मग आधीच्या ऑपरेटरने खिळ्याने खरवडलेली खूण शोधायची, नाहीतर नायिका जिना उतरू लागली की हात ठेवायचा, असे दृश्यावरून पाठ करायचे.

एका प्रिंटवर दोन चित्रपटगृहे चालत, ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर थट्टा वाटते. तिकडे पहिले रीळ संपले की पोऱ्या ते सायकलला अडकवून आमच्याकडे आणी. एका जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा ऐन भरात होती आणि पोऱ्या सहावे रीळ घेऊन गर्दीत अडकला. पाचवे रीळ संपायला चार मिनिटे उरली तरी जिन्यावर पाय वाजेना. मी मध्यंतराची पाटी लावली. मध्यंतर आधीच होऊन गेले होते. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, पण निम्मे लोक उठून बाहेर गेले आणि त्यांनी पुन्हा वडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी कँटीनवाला वर येऊन अतिशय अदबीने विचारू लागला की आजही तसे काही जमेल काय.

तरीही बाळीवेसकर, मी तुमच्याच बाजूचा आहे. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडायचे दिवस मी काढले आहेत. कांड्या जळत जातील तशा पुढे सरकवून त्यांच्यातले अंतर राखावे लागे, नाहीतर पडदा पिवळा पडे. मे महिन्यात, बाहेर ४३ अंश असताना, त्या खोलीत बनियनवर उभे राहून हे करायचे. त्याची आठवण येते, पण ते पुन्हा यावे असे मला वाटत नाही.

शेंगाचटणी
दुसऱ्या मध्यंतराची प्रथा मात्र पुन्हा सुरू व्हावी, असा ठराव मी मांडतो.

पूर्वभाग
आमचा पॉवरलूमचा धंदा आहे. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड या मागाच्या जोडयंत्रावर निघते आणि त्यासाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लागते. जिथे भोक असेल तिथली सुई आत जाते आणि तिच्या जोडीचे धागे उचलले जातात, जिथे नसेल तिथे धागे खालीच राहतात. म्हणजे आज ज्याला डिजिटल म्हणतात ते आमच्याकडे कधीचे पुठ्ठ्यावर चालू होते. इलेक्ट्रॉनिक जकार्ड घेतले तेव्हा मी जुने माग वजनावर विकले आणि वडिलांच्या आग्रहाखातर पुठ्ठ्यांच्या माळा ठेवल्या. आज चाळीसएक नक्ष्यांच्या माळा पोत्यांत आहेत आणि त्या चालवणारा एकही माग माझ्याकडे नाही. माळा उंदरांपासून जपल्या, माग विकला, हे उलटे झाले. म्हणून बाळीवेसकरांना सांगतो, भंगारवाल्याला कॅसेट द्याल तेव्हा द्या, पण यंत्र आधी देऊ नका.

कॅसेटींविषयी आणखी एक. शहराच्या पूर्व भागात, म्हणजे आम्हा तेलुगू विणकरांच्या वस्तीत, ‘कॅसेट भरून देणारी’ दुकाने होती. कोरी कॅसेट आणि वहीच्या कागदावर गाण्यांची यादी दिली की दोन दिवसांत भरून मिळे. तेलुगू गाणी एका बाजूला, हिंदी दुसऱ्या बाजूला. कायद्याने ती चोरीच होती, हे खरे. पण त्या यादीचा क्रम हा ज्याचा त्याचा असे. तेलंगणातल्या नातेवाइकांकडून पत्राऐवजी बोललेल्या कॅसेटही येत. आमच्याकडे अशा पाच आल्या होत्या आणि त्यांतल्या चारांवर आम्हीच नंतर गाणी भरून घेतली.

रीळ आणि रसायन
मी काही वर्षे पुण्यात चित्रपट जतनाच्या कामात होते. तुमच्या रिळाविषयी आधी तीन गोष्टी पाहा.

पहिली म्हणजे डबी उघडून वास घ्या. शिरक्यासारखा आंबूस वास आला तर फिल्मचा अॅसिटेट पाया विघटन पावू लागला आहे असे समजावे. त्यातून सुटणारे आम्लच पुढचे विघटन वेगाने घडवते, त्यामुळे असे रीळ हवाबंद डब्यात कोंडू नये आणि इतर रिळांजवळही ठेवू नये. दुसरी गोष्ट म्हणजे कडेची भोके. भोक बारीक आणि प्रत्येक चौकटीच्या मध्यावर असेल तर ते १९६५ नंतरचे सुपर एट आहे. दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर, आकाराने मोठे असेल तर त्याआधीचे साधे आठ मिलिमीटर. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हौसेने कुणाचा तरी जुना प्रोजेक्टर आणून त्यावर ते चढवू नका. आकसलेल्या फिल्मची भोके प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि ती फाटत जाते. दात्यांशिवाय, चौकटीगणिक छायाचित्र घेणाऱ्या यंत्रावरच ते उतरवून घ्यावे.

आग लागेल अशी भीती बाळगू नका. पेट घेणारी नायट्रेट फिल्म ३५ मिलिमीटरमध्ये साधारण १९५१ पर्यंत होती. घरगुती आठ मिलिमीटर फिल्म पहिल्यापासून सुरक्षित पायावरच निघाली. नायट्रेटचे काय होते ते आम्ही पुण्यात जानेवारी २००३ च्या आगीत पाहिले. आणि ‘आवाज हवा, वस्तू नको’ या तुमच्या मताविषयी एवढेच म्हणते की १९३१ चा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आज कुठेही पाहायला मिळत नाही, कारण त्याची एकही प्रत उरलेली नाही. त्या काळातल्या फिल्म त्यांतली चांदी काढण्यासाठी विकल्या जात. त्यांनाही वस्तू नकोच होती.

बाळीवेसकर
ताई, वास आला नाही. फक्त नॅप्थलीनच्या गोळ्यांचा आला. भोके चौकटीच्या मध्यावर आहेत, म्हणजे सुपर एट. भिंगातून पाहिले तर पहिल्या काही चौकटींत सिद्धेश्वर तलावाचा काठ आणि पाठमोरी एक लहान मुलगी दिसते. ती कोण हे घरात कोणालाही सांगता येत नाही. ‘पूर्वभाग’ यांचे वाचून ट्रंक पुन्हा आत घेतली आहे.

सोल्डर
नवी पेठेच्या मागे माझे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, त्यामुळे ही जाहिरात समजू नये म्हणून पत्ता देत नाही. ते डांबर म्हणजे विरघळलेला रबरी बेल्ट आहे. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या बोळ्यांनी पुसून काढावा लागतो, एका यंत्राला तासभर जातो, आणि हाताला लागला तर दोन दिवस निघत नाही. नवा बेल्ट बसवा, पिंच रोलर (फीत ओढणारे रबरी चाक) आणि हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) साफ करा.

कॅसेट लगेच वाजवू नका. ती पत्र्याखाली इतके उन्हाळे काढून आली आहे. आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. फितीच्या मागची फेल्टची इवली गादी पडलेली असेल तर आवाज घुसमटतो. दुसऱ्या निकामी कॅसेटची गादी काढून बसवता येते. कॅसेट ९० मिनिटांची असेल तर विशेष जपा, कारण ६० मिनिटांच्या फितीची जाडी १८ मायक्रॉनच्या आसपास असते आणि ९० च्या फितीची १२. आणि या सर्वांच्या आधी, आज रात्रीच, कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही टिकल्या मोडून टाका. त्या शाबूत असतील तर चुकून लाल बटण दाबले गेले की आजी पुसली जाईल.

हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. तुमच्या वडिलांच्या यंत्राचा कोन आणि आजच्या यंत्राचा कोन एक नसतो. प्रत्येक कॅसेटसाठी तो स्क्रू केसभर फिरवून आवाज सर्वांत स्वच्छ जिथे येतो तिथे थांबावे लागते. हे स्टुडिओवाले करत नाहीत. माझ्या मेहुण्याने लग्नाची व्हीएचएस एका ठिकाणी उतरवायला दिली होती. डीव्हीडी आली ती कोपऱ्यात दुकानाचे नाव आणि मंगलाष्टके गायब अशी. नवे यंत्रही घेऊ नका. आज बाजारात येणाऱ्या बहुतेक नव्या कॅसेटप्लेअरांत आत एकच स्वस्त यंत्रणा असते आणि खरखर कमी करणारी डॉल्बीची सोय नसते.

शेंगाचटणी
डॉल्बी ही आवाज कमी करणारी वस्तू आहे, हे विधान सोलापुरात गणेशोत्सवाच्या तोंडावर करणाऱ्याच्या धैर्याला माझा नमस्कार.

डेसिबल
रेकॉर्डींचे राहिलेच. बाळीवेसकर, त्या ११ रेकॉर्डी लाखेच्या आहेत, बांगड्यांसाठी वापरतात तीच लाख. त्यांना अल्कोहोल लावू नका, लाख त्यात विरघळते; मऊ कापड जेमतेम ओले करून पुसा. पुतण्याच्या यंत्रावरही वाजवू नका. एलपीच्या सुईचे टोक सुमारे १८ ते २५ मायक्रॉनचे असते आणि ७८ ची खाच त्याच्या तीन-चार पट टोकासाठी कापलेली असते, त्यामुळे ती सुई खाचेच्या तळाशी, कचऱ्यात फिरत राहते. वेगळी सुई मिळते.

जुळे सोलापूरकर
डेसिबलकाका, शेवटच्या गाण्याचे तपासून पाहिले आणि आता माझ्या सगळ्याच एलपींत तो फाटका ‘स’ ऐकू येऊ लागला आहे. याबद्दल मी आपला आभारी नाही. एक शंका आहे: जुन्या ७८ वर गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव सांगते, ते का?

डेसिबल
ध्वनिमुद्रण इथे होई आणि तबकड्या परदेशात निघत. गौहर जान यांचे १९०२ साली कलकत्त्यात मुद्रण झाले आणि तबकड्या जर्मनीतल्या हानोव्हरला तयार झाल्या. तिथल्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापायचे ते कळावे म्हणून शेवटी नाव सांगायचे. तीन मिनिटांत राग मांडून त्यातले तीन सेकंद नावासाठी राखायचे, हे ज्यांना जमले त्यांना संकलकाची गरज नव्हती.

बाळीवेसकर
दीड महिन्यानंतर लिहीत आहे. ‘सोल्डर’ यांचे दुकान मी शोधून काढले. त्यांनी पैसे घेतले, पण माझ्यासमोर बसून काम केले. टिकल्या मोडायला गेलो तेव्हा कळले की ‘आई, दिवाळी १९८४’ वर टिकल्या मुळातच शाबूत होत्या. कॅसेट लावली, तर चित्रपटाची गाणी. रेडिओवरून घेतलेली, मध्येच सुरू होणारी आणि मध्येच तुटणारी गाणी, आणि एका ठिकाणी निवेदकाच्या बोलण्यावर ‘ताई, दार लाव’ असे ओरडणारा एक मुलगा. तो मुलगा मी आहे. आजीवर गाणी मीच भरली होती आणि हे मला मुळीच आठवत नव्हते.

सोल्डर यांनी कॅसेट काढू दिली नाही. बाजू संपेपर्यंत चालू द्या म्हणाले. माझी गाणी २६ मिनिटांत संपली आणि पुढे चार मिनिटांची मूळ फीत तशीच राहिली होती. तीत वडील आजीला जात्यावरची ओवी म्हणायला सांगत आहेत आणि आजी म्हणते आहे की जाते नाही तर ओवी कशी येईल, आणि ते यंत्र बंद कर, वीज जळते. तेवढ्यात लांबून गिरणीचा भोंगा होतो. ती म्हणते, ‘झाला बघ भोंगा, चहा टाकते.’ पुढे भांड्यांचा आवाज आहे. ओवी नाही.

शेंगाचटणी
या प्रतिसादावर मी विनोद करणार नाही. भोंगा कोणत्या गिरणीचा होता?

पडद्यामागे
बाळीवेशीत ऐकू आला म्हणजे लक्ष्मी-विष्णूचा असावा. मी तो प्रोजेक्टरच्या खोलीतून कित्येक वर्षे ऐकला आहे. जाड होता आणि शेवटी खाली उतरत जाई.

पूर्वभाग
काका, क्षमा करा, पण उतरत जाणारा भोंगा नरसिंग गिरजीचा, असे आमच्याकडे सांगतात.

डेसिबल
आवाजाच्या जाडीवरून वाद घालण्याआधी फितीचा वेग तपासावा लागेल. वडिलांचे यंत्र थोडे हळू चालत असेल तर आज सगळेच वर चढलेले ऐकू येईल, आजीसुद्धा. बाळीवेसकर, त्या चार मिनिटांत मागे बारीक गुणगुण आहे काय? यंत्र विजेवर चालत असेल तर ५० हर्ट्झची गुणगुण मुद्रणात उतरलेली असते. ती आज ५२ वर दिसली तर आवाज चार टक्के चढलेला आहे, असा साधारण अंदाज बांधता येतो. विजेची वारंवारताही तेव्हा थोडी वरखाली होई, पण काहीच नसण्यापेक्षा बरे.

सोल्डर
गुणगुण आहे. ती काढून आवाज स्वच्छ करून द्या असे हे म्हणत होते आणि मी नाही म्हटले.

बाळीवेसकर
फाइल गुणगुणीसकट ठेवली आहे, आणि कॅसेटही. रविवारी सकाळी दहाला ज्यांना भोंगा ऐकायचा आहे त्यांनी बाळीवेशीत यावे. पडद्यामागे यांना घ्यायला मी येईन. शेंगाचटणी यांनी दिलेले चहाचे आश्वासन मी विसरलेलो नाही.

पूर्वभाग
वडिलांना घेऊन येतो. त्यांनी आयुष्यात तीन गिरण्यांत काम केले आहे, त्यामुळे निकाल तेच देतील. मागांच्या खडखडाटाने त्यांचा उजवा कान गेला आहे, तेव्हा स्पीकर कृपया डावीकडे ठेवावा.